चावी घेण्याआधी नंबर प्लेट बघा!

तपोवन एक्स्प्रेस, दोन स्कूटर, तीन मित्र आणि यादवांच्या काळातलं देऊळ. वीकएंडचा प्लॅन एकदम झक्कास होता. गडबड एकच झाली. आपल्या खिशातलं लायसन नेमकं कशाचं आहे, हे मी दहा वर्षांत एकदाही नीट वाचलं नव्हतं.

शनिवारची सकाळ. नाशिक रोड स्टेशनबाहेर मिसळ चेपून आम्ही तिघं उभे होतो. मी, आमच्या टीममधला टेस्टिंगवाला आणि एचआरमधली मैत्रीण. (नावं छापत नाही. दोघांच्याही घरी या ट्रिपची पूर्ण हकिकत अजून पोचलेली नाही!) ठाण्यातल्या क्यूबिकलमध्ये पाच दिवस कोंडून घेतल्यावर शनिवारी कुठेतरी पळायचं, हा आमचा ठरलेला फंडा. लोणावळा झालं, अलिबाग झालं. या वेळी एचआरने हट्ट धरला, "जुनी देवळं बघू. सिन्नरचं गोंदेश्वर, अंजनेरी, त्र्यंबक. आणि जायचं आपल्या गाडीनं. कुठेही थांबता आलं पाहिजे."

आता ठाण्याहून आपली गाडी आणायची तर अर्धा दिवस कसाऱ्याच्या घाटातच जाणार. मग टेस्टिंगवाल्याने ओळखीतून कुणाचा तरी नंबर काढला. वीस मिनिटांत एक मुलगा दोन स्कूटर घेऊन हजर. दिवसाचे ५०० रुपये एका गाडीचे. पावती नाही, करार नाही. "एक ओरिजिनल आधार कार्ड ठेवा, बस. संध्याकाळी गाडी द्या, कार्ड घ्या." मी कार्ड काढून दिलं. त्याने लायसन बघायलाही मागितलं नाही. आम्हाला वाटलं, किती सोपं आहे यार!

गाड्यांची नंबर प्लेट पांढरी होती. ती माझ्या डोळ्यांना दिसली, पण डोक्यात शिरली नाही.

गोंदेश्वरच्या ओट्यावर

नाशिक रोडहून पुणे हायवेने सिन्नर म्हणजे फार लांब नाही. गावात शिरून विचारत विचारत गेलात की अचानक समोर मोकळं आवार येतं आणि मधोमध गोंदेश्वर. पहिल्यांदा बघणारा दोन मिनिटं गप्पच होतो. मधे महादेवाचं मुख्य देऊळ आणि चार कोपऱ्यांत विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य यांची छोटी देवळं. याला शैव पंचायतन म्हणतात. सगळं एका उंच दगडी ओट्यावर. गावात कुणालाही विचारा, 'हेमाडपंती' असंच सांगतील. पण देऊळ साधारण अकराव्या-बाराव्या शतकातलं आणि यादवांचा प्रधान हेमाद्री तेराव्या शतकातला. म्हणजे ज्याच्या नावाने आपण याला ओळखतो, त्याच्या जन्माआधीच हे उभं होतं.

शिखरावर छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा वरपर्यंत चढत जातात. बांधणीची ही शैली भूमिज म्हणून ओळखली जाते. खाली भिंतीवर सुरसुंदरी, देवदेवता, हत्तींची रांग. शनिवार असूनही गर्दी नव्हती. कॉलेजची दोन पोरं अभ्यास करत बसली होती, एक आजी प्रदक्षिणा घालत होत्या. आम्ही दीड तास तिथेच रमलो. टेस्टिंगवाल्याने दीडशे फोटो काढले. एचआर म्हणाली, "आपल्या ऑफिसची बिल्डिंग नऊशे वर्षं टिकेल का रे?" आम्ही फक्त हसलो. पावसात तिथे काय काय गळतं, हे तिघांनाही माहीत आहे.

इथपर्यंत ट्रिप सुपरहिट होती.

खडी आणि किटल्या

परतताना हायवेवर ट्रक फार म्हणून आतल्या गावरस्त्याला लागलो. मी पुढे, एचआर माझ्या मागे, टेस्टिंगवाला दुसऱ्या गाडीवर. एका वळणावर रस्त्यावर बारीक खडी पसरलेली होती. समोरून सायकलवर एक म्हातारे बाबा येत होते, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. मी दचकून पुढचा ब्रेक दाबला. गाडी घसरली ती थेट त्यांच्या सायकलवर.

आम्हा दोघांना खरचटलं. बाबा बाजूच्या चरात पडले होते. दूध रस्ताभर. आणि ते उठून बसता बसता काय म्हणाले असतील? "लागलं का रे पोरा तुला?" त्यांचा उजवा हात मनगटापासून वेडावाकडा लोंबत होता आणि विचारपूस माझी चालली होती.

टमटम थांबवून त्यांना दवाखान्यात नेलं. एक्स-रे झाला. मनगटाचं हाड मोडलेलं. प्लास्टर, सहा आठवडे. थोड्या वेळाने त्यांचा मुलगा आला, मग हवालदार आले.

"लायसन दाखवा."

मी मोबाइलच्या गॅलरीतला लायसनचा फोटो पुढे केला. हवालदारांनी तो मोठा करून पाहिला आणि शांतपणे विचारलं, "हे चारचाकीचं आहे. दुचाकीचं कुठंय?"

मला खरंच कळेना. मग त्यांनी बोट ठेवून दाखवलं. त्यावर फक्त 'एलएमव्ही' लिहिलेलं होतं. एलएमव्ही म्हणजे हलकी मोटार. दहा वर्षांपूर्वी ड्रायव्हिंग स्कूलमधून कार शिकलो, लायसन घेतलं आणि विषय संपला. स्कूटर तर मी कॉलेजपासून चालवतोय, तिला वेगळं काही लागतं हे कधी डोक्यातच आलं नाही. कायद्याच्या भाषेत त्या वळणावर मी बिनलायसनचा होतो.

"गाडी कोणाची?" पुढचा प्रश्न.

मी बाजूला जाऊन गाडीवाल्याला फोन लावला. तो अजिबात गडबडला नाही. "मित्राची गाडी आहे म्हणून सांगा ना. सगळे तेच सांगतात. भाड्याचं नाव काढू नका, नाहीतर दोघंही अडकू."

खोटं का बोला, मी तेच सांगणार होतो. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात बाबांच्या मुलाने विचारलं, "दादा, गाडीला विमा आहे ना? म्हणजे यांचा खर्च त्यातून निघंल?" तो चिडलेला नव्हता, भांडत नव्हता. साधा प्रश्न होता. बाबांचा रतीब बंद पडला तर घरात पैसे कुठून येणार, एवढंच त्याला विचारायचं होतं. त्याच्यासमोर मला खोटं बोलता येईना. गाडी भाड्याने घेतली आहे, असं मी हवालदारांना सांगून टाकलं.

विम्याचं उत्तर नंतर कळलं. गाडीला विमा होता, पण खासगी वापराचा.

पांढरी, पिवळी, काळी

त्या रात्री घरी आल्यावर झोप लागली नाही. मग बसून सगळं वाचून काढलं. ते तुम्हाला आधी माहीत असावं, म्हणून हा लेख.

आपल्याकडे पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे व्यावसायिक गाडी, म्हणजे ड्रायव्हरसकट मिळणारी टॅक्सी वगैरे. आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे आपण स्वतः चालवायला भाड्याने घ्यायची गाडी. गोव्याला गेलेल्यांनी अशा स्कूटर शेकड्यांनी पाहिल्या असतील. आपण त्यांच्यासमोर फोटो काढतो, पण ती पाटी काळी का, हे कोण विचारतो?

यामागे दोन योजना आहेत. मोटारींसाठी १९८९ ची 'रेंट अ कॅब' योजना आणि दुचाकींसाठी १९९७ ची 'रेंट अ मोटरसायकल' योजना. दोन्ही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखालच्या. अशा गाड्या भाड्याने द्यायच्या तर त्या धंद्याचा परवाना काढावा लागतो. कुणी आपल्या घरची स्कूटर शनिवार-रविवार परस्पर भाड्याने लावली, तर ते या योजनेत बसत नाही.

"पण पोलिसांनी पकडलं तरच ना?" असं मीही म्हणत होतो. खरी मेख दंडात नाही, विम्यात आहे. खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराची अट असते, भाड्याने दिलेली गाडी त्या अटीत बसत नाही. चालवणाऱ्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं लायसन नसेल तर दुसरी अट मोडली. मी एका दिवसात दोन्ही मोडल्या होत्या! अशा वेळी विमा कंपनीला कोर्टात हात वर करायला कायद्याने जागा आहे. कधी कधी कोर्ट कंपनीला सांगतं, आधी जखमी माणसाला पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. पण त्यासाठी आधी केस लढावी लागते, आणि दूध घालणाऱ्या माणसाकडे कोर्टाच्या तारखांसाठी वेळ कुठे असतो?

बाबांच्या घरच्यांनी कोर्टकचेरी नको म्हटलं. आम्ही तिघांनी मिळून खर्च उचलला. दवाखाना, औषधं, सायकल, सांडलेलं दूध आणि रतीब घालायला सहा आठवडे ठेवलेल्या पोराचा पगार. शिवाय माझा दंड वेगळा. हिशेब केला, ५०० रुपयांची स्कूटर आम्हाला ४२ हजारांना पडली. आणि हे मनगटावर निभावलं म्हणून. बाबांचं डोकं आपटलं असतं तर? हा आकडा मी अजून मनातसुद्धा मांडलेला नाही.

लायसनवरची बारीक अक्षरं

तुमचं लायसन आत्ता काढा. खरंच काढा, मी थांबतो. त्यावर 'एमसीडब्ल्यूजी' असेल तर गिअरची मोटरसायकल चालते. फक्त गिअर नसलेल्या दुचाकीचं असेल तर बिनगिअरची स्कूटर चालेल, पण हिमालयात जायचं म्हणून बुलेट घेता येणार नाही. फक्त 'एलएमव्ही' असेल तर तुम्ही माझ्या पंगतीला!

यावर उपाय सोपा आहे. मी सारथी पोर्टलवरून दुचाकीसाठी अर्ज केला, आधी लर्निंग घेतलं, ३० दिवसांनंतर आरटीओत टेस्ट दिली. त्याच लायसनवर नवा प्रकार चढला. पस्तिशीला टेकलेला मी, ट्रॅकवर अठरा वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभा होतो. लाज वाटली, पण परवडली.

आणखी दोन गैरसमज. पहिला, लायसन संपलं तरी महिनाभर चालतं. पूर्वी ३० दिवसांची सवलत होती, २०१९ च्या दुरुस्तीने ती गेली. तारीख संपली की संपली. दुसरा, मोबाइलमधला फोटो चालतो. नाही. २०१८ पासून डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या अ‍ॅपमधलं लायसन आणि आरसी कायद्याने ग्राह्य आहे, पण गॅलरीतला फोटो म्हणजे फक्त फोटो. बिनलायसन गाडी चालवल्याची शिक्षा आज तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपये दंड किंवा दोन्ही. बिनलायसनवाल्याच्या हातात गाडी देणाऱ्या मालकालाही तीच शिक्षा.

काळ्या पाटीच्या कारला टॅक्सीवाल्यांसारखा बॅज लागतो का, असं टेस्टिंगवाल्याने विचारलं होतं. लागत नाही. ७५०० किलोपर्यंतच्या वाहनाला साधं एलएमव्ही लायसन पुरतं, हे सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. आणि न्यू जर्सीहून येणाऱ्या तुमच्या चुलतभावाला स्टीअरिंग द्यायचं असेल तर त्याला आधीच फोन करा. तिकडच्या लायसनसोबत आंतरराष्ट्रीय परवाना तिकडूनच काढून आणायला सांगा. इथे उतरल्यावर तो मिळत नाही.

दुसरी फेरी

सहा महिन्यांनी आम्ही तिघं पुन्हा नाशिकला गेलो. या वेळी काळ्या पाटीची छोटी कार. भाडं जास्त पडलं. करारावर सह्या झाल्या, लायसन तपासलं, विम्याची तारीख मी स्वतः पाहिली. सगळ्याला पाऊण तास गेला. पहिल्या वेळी आम्हाला हाच पाऊण तास वाचवायचा होता.

त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला थांबलो. लोक गडावर जातात हनुमानाच्या जन्मस्थानाला, पण पायथ्याच्या गावाजवळ जुन्या जैन आणि हिंदू देवळांचे अवशेष विखुरलेले आहेत, तिकडे फार कुणी फिरकत नाही. इथल्या एका जैन मंदिरात शके १०६३ चा, म्हणजे साधारण ११४१ सालचा शिलालेख आहे. सेऊणचंद्र यादवाच्या काळात काही दुकानांचं उत्पन्न मंदिराला दिलं, त्याची नोंद. पुढे त्र्यंबकेश्वर. आजचं काळ्या पाषाणाचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात बांधायला घेतलेलं. गाडी पार्किंगला लावून गल्लीतून चालत गेलो. श्रावणातला तिसरा सोमवार असेल तर गाडीचा हट्टच सोडा. ब्रह्मगिरीच्या फेरीला एवढी गर्दी असते की खासगी गाड्या गावाबाहेरच थांबवतात. २०१५ च्या सिंहस्थात पर्वणीला बाहेरून येणाऱ्या गाड्या शहराबाहेरच्या पार्किंगला अडवून लोकांना एसटीने आत नेलं होतं. त्या दिवसांत लाल डबाच राजा. एरवीही त्र्यंबकला एसटी आहे, सिटीलिंकची बस आहे. दोनच ठिकाणं बघायची असतील तर भाड्याची गाडी लागतच नाही. ती लागते झोडग्याच्या माणकेश्वराला किंवा बागलाणातल्या देवळाण्याला जायचं असेल तेव्हा.

परतताना मुंबई-आग्रा हायवेलगत पांडवलेणी चढलो. चोवीस लेणी. दहाव्या लेण्यात नहपान राजाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. एचआरने त्याचा अर्थ आधीच वाचून ठेवला होता. त्याने काय काय केलं ते त्यात लिहिलंय. दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर प्रवाशांसाठी फुकट नावा ठेवल्या, उतरायला धर्मशाळा बांधल्या. लेण्यातल्या भिक्षूंसाठी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे व्याजाने पैसे ठेवले. आणि हे सगळं रीतीप्रमाणे नोंदवलं, असंही शेवटी सांगितलंय.

"म्हणजे तेव्हाही पेपर्स लागायचे!" टेस्टिंगवाला म्हणाला. नाव फुकट देणाऱ्याला, पैसे ठेवणाऱ्याला, सगळ्यांना नोंद लागत होती. उद्या काही झालं तर कोण जबाबदार, ते आधीच लिहिलेलं असावं म्हणून. आम्ही मात्र पावती नको म्हणून खूश झालो होतो.

दुसऱ्या दिवशी सिन्नरला बाबांकडे गेलो. हात जुळलाय, पण भरलेली किटली उजव्या हाताने उचलत नाहीत, डाव्याने उचलतात. चहा झाला. निघताना ते फाटकापर्यंत आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि काळ्या पाटीवर बोट ठेवून विचारलं, "ही कशाची रे?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "बरं. हळू जा."

चावी हातात घेण्याआधी

• पाटी बघा. स्वतः चालवायची भाड्याची गाडी म्हणजे काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. अ‍ॅपवर मिळाली तरी पाटी बघाच. इलेक्ट्रिक गाडीची पाटी हिरवी असते, तिथे आरसी मागून बघा.

• एमपरिवहनवर नंबर टाका. गाडीचा प्रकार, विमा आणि पीयूसीची तारीख तिथे दिसते.

• लायसनवर त्या गाडीचा प्रकार आहे का आणि मुदत संपलेली नाही ना, ते तपासा. जो जो चालवणार, त्या प्रत्येकाचं.

• लायसन डिजिलॉकरमध्ये आधीच उतरवून ठेवा. देवळाजवळ रेंज मिळेलच असं नाही, मूळ कार्डही जवळ असू द्या.

• मूळ आधार कार्ड कुणाकडेही ठेवू नका. मास्क्ड आधारची प्रत द्या.

• लेखी करार आणि पावती घ्या. गाडीवरच्या ओरखड्यांचा व्हिडिओ मालकासमोरच काढा.

• हेल्मेट दोन. मागच्यालाही सक्तीचं आहे.

• अपघात झालाच तर आधी जखमीला उपचार, मग पोलिसांना खबर. कायद्याने २४ तासांच्या आत. आणि "मित्राची गाडी आहे" असं म्हणू नका.